खालच्या समासातलं

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा शाईबाईंनी सगळ्यात आधी भाचीला विचारलं, "स्वेटर नवा घेतलास वाटतं?"

"नवा कसला, मावशी! पाच वर्षं झाली. तूच म्हणायचीस ना, सारखा काय तो राखाडी घालून फिरतेस म्हणून."

"हा राखाडी नाहीये."

"नाहीच मुळी. निळा आहे. मी तेव्हाही सांगत होते, पण तू कोणाचं ऐकतेस?"

शाईबाई कोणाचं ऐकत नसत, हे खरंच होतं. मोतीबिंदू पिकून पिवळा होईपर्यंत त्यांनी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा डोळ्याला निळा रंग पोचतच नाही, त्यातूनही फिका निळा तर पार नाहीसा होतो. माणसाला कळत नाही, कारण हे सगळं हळूहळू होतं. "उजवा झाला. डावा दोन महिन्यांनी करू. तोवर एका डोळ्यानं जग बघा, दुसऱ्यानं जुनं आठवा," असं म्हणून त्या हसल्या. भाचीही हसली. शाईबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मनात काहीतरी खुट्ट झालं होतं, पण काय ते त्यांना तिथे, त्या खुर्चीत बसून सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर भाचीनं थेंब घालायच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि ती कामावर गेली. शाईबाई टेबलापाशी जाऊन बसल्या. टेबलावर अंक एकशे चारची आठ पानं गेले दीड महिना पडून होती.

आता हा अंक कसला, ते सांगायला हवं, कारण जगातल्या तीनशे अकरा माणसांनाच ते ठाऊक आहे. "मधला जिना" नावाची एक चित्रकथा आहे. दर तीन महिन्यांनी निघते. तिला प्रकाशक नाही, जाहिरात नाही, वर्गणीदार आहेत तीनशे अकरा. गेली सव्वीस वर्षं ती निघते आहे आणि सव्वीस वर्षांत तिच्यात फारसं काही घडलेलं नाही. एका इमारतीत एक जोडपं राहायचं. त्यांचा काडीमोड झाला. पण इमारत सोडायला दोघंही तयार नाहीत, म्हणून तो वरच्या मजल्यावर गेला आणि ती खालीच राहिली. मध्ये सतरा पायऱ्या. वाचक त्यांना वरचा आणि खालची म्हणतात. वरच्याचा नळ गळतो तो खालचीच्या कपाटावर. खालचीचं टपाल जातं वरच्याकडे. मांजर कोणाचं यावर तर चौदा अंक गेले. बाकी सगळं म्हणजे दोघंजण एकमेकांच्या पावलांचे आवाज ऐकत बसतात, बस्स. एक वाचक बाई दर वर्षी पत्र लिहायच्या: "या दोघांना एकदाचं भेटवा, नाहीतर मी वर्गणी बंद करते." आणि दर वर्षी पत्रासोबत वर्गणी यायची.

ही गोष्ट लिहायचे आणि पेन्सिलीनं काढायचे घड्याळवाले. त्यांचं दुसऱ्या गावात, बसनं आठ तासांवर, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून, ते चित्रं काढत. त्यावर शाई चढवायच्या आणि पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं लिहायच्या त्या शाईबाई. त्या तेव्हा नकाशांच्या कचेरीत रेघा ओढायच्या कामाला होत्या. घड्याळवाल्यांनी कधीतरी एका चित्रासाठी तिथून एक नकाशा मागवला. नकाशा मिळाल्याची पोच म्हणून त्यांनी कचेरीला पत्र लिहिलं, त्यात एकच ओळ होती: "ही नदी कोणी ओढली?" साहेबांनी ते पत्र शाईबाईंच्या टेबलावर आणून टाकलं, म्हणाले, बघा बाई, तुमच्यावर कोणीतरी तक्रार केलेली दिसते. ती तक्रार नाही, हे शाईबाईंना लगेच कळलं. नदीबद्दल त्यांना आजवर कोणीही काही विचारलं नव्हतं.

सव्वीस वर्षांत दोघं भेटले चारदा. दोनदा छापखान्यात, एकदा कोणाच्या तरी अंत्ययात्रेत, आणि एकदा चित्रकथांच्या जत्रेत, जिथे दिवसभर दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून त्यांनी अकरा अंक विकले. त्यातले दोन घड्याळवाल्यांच्या पुतण्यानं घेतले होते. बाकी सगळं टपालानं. त्यांची कामाची एक रीत होती. कागद निवडायचा, कापायचा आणि समास आखायचा तो शाईबाईंनी, कारण कागदाच्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. ते कोरे कागद पुठ्ठ्यात घालून घड्याळवाल्यांकडे जात. तिकडून ते काळ्या पेन्सिलीत चित्रं होऊन परत येत. शाईबाई शाई चढवत, पेन्सिल खोडत आणि पानं आपल्याकडेच ठेवत. कचेरीनं मोडीत काढलेलं नकाशांचं कपाट त्यांनी घरी आणलं होतं, त्याच्या उथळ, रुंद खणांत सव्वीस वर्षं झोपली होती. पेन्सिलीबाहेर एक रेघ ओढायची नाही, हा शाईबाईंचा नियम. घड्याळवाल्यांनी कधी तो घातला नव्हता. पण दुसऱ्याच्या चित्रात आपलं घुसडणारे हात त्यांनी कचेरीत पुष्कळ पाहिले होते, आणि त्यापायी एका गावातून नसलेला ओढा वाहतानाही पाहिला होता.

आणि एक रीत निळ्याची. फिकी निळी पेन्सिल छपाईत उतरत नाही, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. त्या निळ्यात लोक कामाच्या सूचना लिहितात. या दोघांनी मात्र कामाच्या सूचना काळ्यात ठेवल्या आणि निळं ठेवलं आपल्यासाठी. कोऱ्या कागदाच्या वरच्या समासात शाईबाई निळ्यात काहीतरी लिहायच्या. खालच्या समासात घड्याळवाले उत्तर द्यायचे. "आज कचेरीत साहेबांच्या खुर्चीचा पाय मोडला. साहेबांसकट." खाली: "साहेब दुरुस्त होतात का? नसतील तर इकडे पाठवा." असं. कधी कधी यापेक्षा जड काही. घड्याळवाल्यांची बायको गेली तेव्हा आठही पानांच्या खालच्या समासात एकेक वाक्य होतं, आणि ते छापून आलं नाही म्हणून जगात कोणालाही कळलं नाही. फोनवर दोघं बोलत ते फक्त कामाचं. निळ्यातलं निळ्यातच राहायचं. हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, पण ठरवलेल्या गोष्टी मोडता तरी येतात.

भाचीलासुद्धा हे ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना तिनं एक पान उचलून मोठ्यानं वाचायला घेतलं होतं, "शाईबाई, तुमच्या त्या..." आणि बोटांवर फूटपट्टी बसली होती. "निळं आपलं नाही," मावशी म्हणाली होती. आता भाची बत्तीस वर्षांची होती, दर अंकाची पानं तीच यंत्रावर ठेवून छापखान्याला पाठवायची, आणि निळं आलं की अजूनही नजर दुसरीकडे वळवायची.

पाच वर्षांपूर्वी घड्याळवाल्यांनी खालच्या समासात लिहिलं होतं: "एक विचारायचं आहे. पुढच्या अंकात विचारतो." ते वाचलं त्या दिवशी शाईबाईंनी शाईची बाटली सांडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटची. मग नवे कागद कापले, समास आखले आणि पहिल्या पानाच्या वरच्या समासात एकच शब्द लिहिला: "विचारा." तो लिहायला त्यांना दोन दिवस लागले होते. आधी "काय ते विचारा" लिहिणार होत्या, पण त्यात घाई दिसली असती. "जरूर विचारा" तर फारच.

पानं परत आली. शाईबाईंनी पुठ्ठा फोडला आणि चित्र न बघता खालचा समास बघितला. पांढरा होता. दुसरं पान, तिसरं, आठही पानं. सगळे समास पांढरे.

त्या क्षणी त्यांना जे वाटलं त्याला लाज म्हणतात, दुसरा शब्द नाही. आपण दार उघडून उभं राहावं आणि समोरच्यानं रस्ता बदलावा, तसं. विचारा म्हणे! काय विचारणार होता माणूस, आणि आपण काय समजून बसलो! कदाचित शाईचं काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं का, हेच विचारायचं असेल, आणि भिडेखातर विचारलं नसेल. पुन्हा आपण होऊन विचारायचं? छे. शाईबाई मानी होत्या. मोडतील पण वाकणार नाहीत, असं त्यांच्याबद्दल कचेरीत म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत. पुढचे कागद त्यांनी कोरे पाठवले. त्याच्या पुढचेही. वरचा समास कोरा, खालचा कोरा. दर तीन महिन्यांनी पुठ्ठा फोडताना आधी खालचा समास बघायची सवय मात्र गेली नाही. वीस अंक त्यांनी असे बघितले. मध्ये त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर माणसांची ये-जा आटते, तशी आटली. रविवारी भाची यायची. इतर सहा दिवस शाईबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाही फारसा ऐकू यायचा नाही, आणि एकदा दूधवाल्याशी बोलताना घशातून शब्दच फुटेना, तेव्हा त्या घाबरल्या होत्या. पण ते त्या कोणाला सांगणार? सांगायची जागा एकच होती आणि ती बंद झाली होती.

मग हा अंक एकशे चार आला. वर काळ्या पेन्सिलीत कामाची सूचना: "हा शेवटचा. आता हात कापतो. शेवटच्या चौकटीत खालचीचा फुगा रिकामा ठेवा." शाईबाईंनी पहिल्या पानावर शाई चढवायला घेतली आणि जिन्याच्या सतरा पायऱ्यांच्या अठरा झाल्या. तो कागद भाचीनं पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तर आता उजवा डोळा नवा होता. दिवस वर आला होता, खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. शाईबाईंनी शेवटचं पान पुढे ओढलं आणि जुन्या सवयीनं आधी खालचा समास बघितला.

तिथे निळं होतं.

त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला. समास पांढरा झाला. डावा झाकला. अक्षरं परत आली. पुन्हा उजवा झाकला, पुन्हा गेली. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"खोली शिंप्याला दिली," असं लिहिलं होतं. "उजेड त्यालाही लागतोच. बाटल्यांसाठी मारलेली फळी काढून घेतली आहे. ती खाली दुकानात लावली."

कोणती खोली? कसल्या बाटल्या? शाईबाई उठल्या. कपाटाचे खण जड झाले होते, गुडघ्यानं रेटा देऊन एकेक ओढावा लागायचा. अंक चौऱ्याऐंशीचं पहिलं पान त्यांनी बाहेर काढलं. वरच्या समासात त्यांचं स्वतःचं अक्षर: "विचारा." खालच्या समासात बारीक, दाटीवाटीनं लिहिलेल्या चार ओळी.

"जुनी निळी पेन्सिल मिळेनाशी झाली. ही जरा फिकी आहे. दिसतं ना? विचारायचं ते असं. दुकानाच्या वरची खोली रिकामी झाली. उत्तरेला मोठी खिडकी आहे, दिवसभर सारखा उजेड. शाईच्या कामाला अशी खोली शोधून मिळणार नाही. स्वयंपाक वेगळा करू किंवा मिळून करू, जसं सोयीचं. याल का?"

शाईबाई खाली बसल्या, कपाटापाशी, जमिनीवरच.

मग एकेक पान निघत गेलं. वीस अंक, अंकाला आठ पानं. पंच्याऐंशीत: "घाई नाही." शहाऐंशीत: "खोलीला पांढरा रंग दिला. आवडला नाही तर बदलू." पुढे: "जिन्याला कठडा बसवला. सुतार विचारत होता, कोण राहायला येणार? म्हटलं, अजून ठरलं नाही." त्याच्या पुढे: "नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणानं लिहा. मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन." मग: "शाईच्या बाटल्यांसाठी खिडकीजवळ फळी मारली. उंची अंदाजानं ठेवली आहे, तुम्हाला जत्रेत पाहिलं होतं त्यावरून." एका पानावर नुसतं: "आज कोणाचंच घड्याळ आलं नाही." एका अख्ख्या अंकात काही नाही. शाईबाईंनी ती आठही पानं उजव्या डोळ्याजवळ नेऊन, उन्हात धरून बघितली, पण खरंच काही नव्हतं. त्याच्या पुढच्या अंकात: "मांजर वरच्या खोलीत जाऊन बसतं. निदान कोणीतरी." आणि गेल्या वर्षीच्या एका पानावर: "आता विचारणार नाही. लिहायची सवय आहे तेवढी राहू द्या."

शाईबाई रडल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं रडू नये म्हणतात, पण डोळ्यांना ते वेगवेगळं सांगता येत नाही. आपल्याला नाकारलंय असं समजून त्या पाच वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या, आणि तिकडे एक म्हातारा माणूस एका रिकाम्या खोलीला कठडे बसवत होता. बरं, चूक कोणाची म्हणावी? पेन्सिलीची? डोळ्याची? पेन्सिल फिकी आहे हे त्यानं लिहिलं होतं, पण तेही त्या फिक्या पेन्सिलीनंच. शाईबाईंनी चूक स्वतःवर घेतली. एक फोन केला असता तर पुरलं असतं. "काय हो, काय विचारणार होतात?" एवढं एक वाक्य. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही, कारण निळ्यातलं फोनवर काढायचं नाही! आणि कोणाची बिशाद होती ती रीत मोडायची?

त्यांनी फोन लावला.

"हं, बोला शाईबाई. पानं झाली का?" घड्याळवाल्यांचा आवाज नेहमीचाच, जरा खोल गेलेला. मागे पन्नास-साठ घड्याळांची टिकटिक.

"नाही अजून. उशीर झाला."

"होऊ द्या. शेवटचाच आहे, कोणाला घाई आहे? त्या बाई तेवढ्या पत्र लिहितील."

"अहो, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता."

"अरे! मग सांगायचं नाही का? आता कसं आहे?"

"आता दिसतं." शाईबाईंनी श्वास घेतला. "पाच वर्षं मला निळं दिसत नव्हतं."

पलीकडे नुसती टिकटिक.

"मला वाटलं तुम्ही लिहीतच नाही. समास पांढरा दिसायचा. आज वाचलं. सगळं, एकदम."

"एक मिनिट हं," घड्याळवाले म्हणाले. "गिऱ्हाईक आलंय."

फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला. शाईबाई कान लावून बसल्या. दार वाजलं नाही. कोणी बोललं नाही. घड्याळं आपापल्या चालीनं चालली होती, आणि त्यांच्यामधून एकदा, मग आणखी एकदा, कोणीतरी नाक शिंकरलं. एका घड्याळानं अकराचे टोले दिले, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. घड्याळवाल्याच्या दुकानात अकरा एकदम कधी वाजत नाहीत.

"हं," ते परत आले. "गेलं गिऱ्हाईक."

"शिंपी आला का राहायला?"

"गेल्या महिन्यातच. बायको आहे, दोन मुली आहेत. माणूस बरा आहे. दिवसभर मशिन चालवतो, खाली ऐकू येतं." ते थांबले. "चांगलं वाटतं. वर कोणीतरी आहे असं."

"हो," शाईबाई म्हणाल्या. "चांगलंच की."

"त्याला आता उठ म्हणता येणार नाही."

"म्हणूही नका. मुली आहेत."

"नाही म्हणत." मग कामाचा, जुना आवाज: "तर मग पानं सावकाश करा. डोळा सांभाळा. आणि तो शेवटचा फुगा रिकामाच ठेवा हं. तिला काही बोलायला लावायचं नाही. इतकी वर्षं गेल्यावर तिच्याकडून उत्तर मागणं बरं नाही."

"बरं," शाईबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ त्या शेवटच्या चौकटीकडे बघत राहिल्या. दीड महिना ती समोर होती, पण आता प्रथमच बघितल्यासारखं त्यांनी तिच्याकडे बघितलं. वरचा आपल्या कठड्यावरून खाली वाकून उभा आहे. केस गेलेले, खांदे उतरलेले. खाली दाराच्या चौकटीत खालची, मान वर केलेली. मध्ये सतरा पायऱ्या. वरच्याच्या फुग्यात घड्याळवाल्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "तेव्हा बोलावलं होतं, आठवतं? ऐकू आलं असतं तर आली असतीस?" आणि खालचीचा फुगा रिकामा, आत काहीच नाही.

पुढचे आठ दिवस शाईबाईंनी शाई चढवली. हात तयार होता, तो कुठे गेला नव्हता. वरच्याचं कपाळ, मांजराची मिशी, गळका नळ, पायऱ्या मोजून सतरा. डावा डोळा मिटून त्या काम करत, आणि अधूनमधून उगाच उजवा मिटून डाव्यानं बघत, खालचं निळं नाहीसं होतं का ते. होत होतं. शेवटच्या पानावर आल्या. वरच्याचा प्रश्न शाईत लिहिला. पेन्सिल खोडली. उरला रिकामा फुगा.

निब पुसून त्यांनी पुन्हा शाईत बुडवली. जादा शाई बाटलीच्या काठावर निथळू दिली. निळ्यात लिहून पान घड्याळवाल्यांकडे पाठवता आलं असतं. निळं कोणाला दिसलं नसतं, एकट्या घड्याळवाल्यांना सोडून, आणि रीतही राहिली असती. पण निळ्याच्या रीतीनं पाच वर्षं खाल्ली होती. शिवाय निळ्यात लिहिलेलं वाऱ्यावर सोडलेलं असतं, मनात आलं तर खोडता येतं. शाईबाईंना आता खोडता येणारं काही नको होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, समोर पेन्सिलीचा ठसा नसताना, त्यांनी कागदावर निब टेकवली.

रविवारी भाची आली. तिनं यंत्र लावलं, एकेक पान ठेवायला लागली. खालच्या समासाकडे नेहमीसारखी बघितलं न बघितलंसं करत होती.

"हे निळं," शाईबाईंनी विचारलं, "दर वेळी असायचं का गं?"

"हो. जवळजवळ दर वेळी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तूच तर सांगितलं होतंस, निळं आपलं नाही म्हणून. मला वाटलं तू वाचतेस." भाचीनं वर पाहिलं. "का गं? काय झालं?"

"काही नाही. तुझं बरोबर होतं."

भाचीनं शेवटचं पान हातात घेतलं आणि थबकली. पानाच्या वरच्या कडेला घड्याळवाल्यांची काळ्या पेन्सिलीतली सूचना अजून तशीच होती. शाईबाईंनी बाकी सगळं खोडलं होतं, तेवढी एक ओळ राहिली होती.

"मावशी, इथे तर लिहिलंय फुगा रिकामा ठेवा. आणि तू यात..."

"हो."

"आले असते," भाचीनं वाचलं. मग पुन्हा, हळू वाचलं. तिनं मावशीकडे बघितलं, कपाटाच्या उघड्या खणांकडे बघितलं, आणि एवढी वर्षं ज्याच्यावरून नजर वळवली होती त्या खालच्या समासाकडे बघितलं. या वेळी कोणी फूटपट्टी मारली नाही. वाचून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"त्यांना चालेल?"

"नाही चालणार. रागावतील." शाईबाईंनी खुर्ची यंत्राजवळ ओढली. "ठेव पान. नीट सरळ ठेव."

भाचीनं पान ठेवलं, झाकण लावलं. यंत्रातला उजेड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेला. पडद्यावर पान उमटलं. खालचा समास कोरा पांढरा. वरचा कठड्यावर वाकलेला, सतरा पायऱ्या, आणि खालचीच्या डोक्यावर दोन शब्द.

शाईबाई पडद्याजवळ वाकल्या, नवा डोळा बारीक केला.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय की," भाची म्हणाली. "न दिसायला काय झालं?"